डग्गा उतरलाय: बेस सुरात लावायचा म्हणजे नेमकं काय करायचं

रंगपंचमीला तीन आठवडे राहिले होते. रहाडीवर, म्हणजे रंगाने भरलेल्या हौदावर, वाजवायला म्हणून एका मंडळाचं गाणं करत होतो. मित्राच्या बहिणीने गायलेलं, मागे नाशिक ढोलाचे तुकडे, खाली दणदणीत बेस. नाशिकच्या सिडकोतल्या घराच्या वरच्या खोलीत रात्री साडेअकराला मिक्स लावून बसलो होतो, तेवढ्यात शेजारचे काका दार ढकलून आत आले. वाटलं, आवाज कमी कर म्हणून सांगायला आलेत. काका पंचवटीत भजनाला तबल्यावर बसतात. उभ्याउभ्याच त्यांनी अर्धा मिनिट ऐकलं आणि म्हणाले, "चाल छान आहे रे. पण तुझा डग्गा उतरलाय."

"काका, यात तबला नाहीये."

"मग ते खाली घुमतंय ते काय?"

"बेस."

"तोच. तो उतरलाय."

मी हसलो, आणि ते गेल्यावर तपासलं. काका बरोबर होते, बेस सुरापेक्षा खाली वाजत होता. त्या रात्रीपासून पुढचे दोन आठवडे मी जे शिकलो ते इथे लिहितोय, कारण लॅपटॉपवर गाणी करणारे आपण बहुतेकजण बेसला सूर मानतच नाही. तो आपल्याला जोर वाटतो. सॅम्पलच्या, म्हणजे तयार आवाजांच्या तुकड्यांच्या, ढिगातून छातीत धडकणारा एक उचलायचा, टाकायचा, आवाज वाढवायचा. तबलजी असं करत नाही. गायकाने सा दिला की तो हातोडी घेऊन गठ्ठे (वादीखालचे लाकडी ठोकळे) वरखाली करतो, चाटेवर (पुडीच्या कडेवर) बोट आपटून ऐकतो, आणि लागल्याशिवाय ठेका धरत नाही.

आता कुणी म्हणेल, ढोल तरी कुठे सुरात लावतात? प्रश्न रास्त आहे, आणि त्याचं उत्तर सी. व्ही. रामन यांच्याकडे आहे. साध्या ताणलेल्या पडद्यावर काठी मारली की मूळ कंपनासोबत त्याच्या १.५९ पट, २.१४ पट, २.३० पट अशी वेडीवाकडी कंपनं निघतात. कान त्यांची मोळी बांधू शकत नाही, म्हणून नुसता 'धम्' ऐकू येतो, स्वर ऐकू येत नाही. तबल्याच्या पुडीवरची शाई, म्हणजे तो काळा गोल, ही कंपनं दुप्पट, तिप्पट, चौपट अशा सरळ पटींत आणते. रामन यांनी १९२० मध्ये हे दाखवून दिलं आणि १९३४ मध्ये त्यावर सविस्तर लिहिलं. म्हणून तबला गातो आणि प्लास्टिकचं पान चढवलेला ढोल दणकतो. ढोलाची चूक खपून जाते, तबल्याची खपत नाही.

आपला इलेक्ट्रॉनिक बेस या दोघांत कुणाचा भाऊ? तबल्याचा, नव्हे तबल्याहून कडक. ज्याला सगळे 'एट-ओ-एट' म्हणतात तो बेस रोलँड कंपनीच्या १९८० सालच्या टीआर-८०८ या रिदम मशिनच्या किकमधून, म्हणजे मोठ्या ड्रमच्या ठोक्यातून, आला. तो किक म्हणजे ५० हर्ट्झच्या आसपासची जवळपास शुद्ध लहर, हळूहळू विरत जाणारी. तिच्यात लपायला जागाच नाही. गंमत म्हणजे मूळ मशिनवर त्या किकला जोर, टोन आणि लांबी यांचे नॉब होते, सूर बदलण्याचा नॉब नव्हता. आत सगळे सुटे इलेक्ट्रॉनिक भाग, त्यामुळे दोन मशिनी तंतोतंत एका सुरात असतीलच असं नाही. मग जगभर त्याची सॅम्पल्स झाली, कुणी टेपवरून घेतली, कुणी खाली ओढली, कुणी फाइलच्या नावात मनाला येईल तो स्वर लिहिला. आपल्या हातात येतं ते हे. (याच टीआर-८०८ वर आणि सोबतच्या टीबी-३०३ या बेसच्या डब्यावर १९८२ साली मुंबईच्या चरणजित सिंग यांनी चक्क राग वाजवून रेकॉर्ड काढली होती. परदेशात क्लबांमधून तो ३०३ गाजायच्या आधी.)

थोडे आकडे लागतील. घाबरू नका, पेटीवरचे आहेत.

स्वर म्हणजे दर सेकंदाला किती कंपनं, ते हर्ट्झमध्ये मोजायचं. एक सप्तक वर गेलं की आकडा दुप्पट, खाली आलं की निम्मा. मधली पांढरी सहा, म्हणजे सप्तकातली सहावी पांढरी पट्टी, ४४० हर्ट्झ, तिच्या खालची २२०, मग ११०, मग ५५. ही ५५ वाली बेसच्या मुलखातली. पेटीवर एका पट्टीवरून शेजारच्या पट्टीवर गेलात, काळी-पांढरी सगळ्या धरून, की आकडा साधारण सहा टक्क्यांनी बदलतो. या एका पायरीचे शंभर भाग केले की त्या भागाला सेंट म्हणतात. सप्तकात बारा पायऱ्या, म्हणजे १२०० सेंट.

आमचं गाणं काळी चारात होतं, म्हणजे ती पट्टी आमचा सा. बेसच्या सप्तकात काळी चार म्हणजे ५१.९ हर्ट्झ. मी वापरलेल्या सॅम्पलच्या नावात हाच स्वर लिहिला होता. प्रत्यक्षात त्याची शेपटी, म्हणजे ठोक्यानंतर विरत जाणारा भाग, ५०.४ वर विसावत होती. दीड हर्ट्झचा फरक, वाचताना काहीच वाटत नाही. सेंटमध्ये मोजलं तर ५१. म्हणजे माझा बेस काळी चार आणि पांढरी पाच यांच्या बरोबर मधे, दोन पट्ट्यांमधल्या फटीत वाजत होता. त्या फटीत पेटीवर बोटसुद्धा मावत नाही.

मग मला का नाही कळलं? कारण खाली कान आंधळा असतो. जवळजवळचे दोन स्वर एकत्र वाजले की आवाज हलकासा डोलतो. शाळेत याला विस्पंद म्हणायचे. दोघांत जितक्या हर्ट्झचा फरक, तितके डोल सेकंदाला. पेटीवाले, तंबोरा लावणारे याच डोलावर सूर जुळवतात: डोल मंदावत मंदावत थांबला की तार लागली. आता ४४० च्या जागी स्वर १० सेंट चुकला तर सेकंदाला अडीच डोल, लगेच खुपतो. तीच १० सेंटची चूक ५५ ला झाली तर तीन सेकंदांत एक डोल. तुमचा बेसचा स्वर तीन सेकंद टिकतो कुठे? डोल पुरा व्हायच्या आधी पुढचा ठोका येतो. चूक असते, फक्त तिथे ऐकू येत नाही. ऐकू येते ती वर, बेसच्या वरच्या पटींमध्ये, जिथे गाण्याचा आवाज आहे. ऐकणाऱ्याला बेस चुकलाय असं वाटतच नाही. त्याला वाटतं गाणारी बेसूर आहे. आमच्या गायिकेला मी दोनदा रीटेक करायला लावला होता, हे इथे कबूल करून टाकतो.

यावर इलाज सोपा आहे आणि फुकट आहे. बेस दोन सप्तकं वर उचला. ५१.९ चा २०७.६ होतो, गाणाऱ्याच्या सा जवळ येतो. आता पेटीचा किंवा तंबोऱ्याचा सा लावून ठेवा, फाइन ट्यून किंवा डिट्यून असं लिहिलेला नॉब एकेक सेंट फिरवा, आणि डोल थांबेपर्यंत ऐका. थांबला की बेस परत दोन सप्तकं खाली. झालं. मीटर नाही, प्लगइन नाही.

एक मेख आहे. एट-ओ-एटच्या सॅम्पलमध्ये सुरुवातीला स्वर वरून झपकन खाली घसरतो, त्या घसरण्यानेच तो 'ठक्' येतो. ट्यूनर नेमका तो भाग वाचतो आणि भलताच स्वर दाखवतो. म्हणून सुरुवातीचा दहावा-पाचवा हिस्सा कापून उरलेली शेपटी लूप करायची आणि तिचा सूर बघायचा. शेपटीसुद्धा विरताना खाली सरकत असेल तर गाण्यात तो स्वर जितका वेळ वाजणार आहे तेवढाच तुकडा बघा. अर्ध्या सेकंदाच्या ठोक्यासाठी दोन सेकंदांनंतरची शेपटी बघून काय करायचंय?

स्पेक्ट्रम अॅनालायझर, म्हणजे कुठल्या हर्ट्झला किती आवाज आहे ते दाखवणारा आलेख, वापरणाऱ्यांसाठी आणखी एक. त्यातला तो उंच डोंगर बघून आपण म्हणतो, हा ५२ ला आहे. पण सेटिंगमध्ये ब्लॉक (एका वेळी तपासायचा तुकडा) ४०९६ चा असेल तर ४४,१०० (सेकंदाला घेतलेल्या नोंदी) भागिले ४०९६ म्हणजे जवळपास ११ हर्ट्झच्या खणांमध्ये तो मोजतोय. आणि ५० च्या आसपास एका पट्टीपासून दुसरी पट्टी जेमतेम ३ हर्ट्झवर आहे. म्हणजे एका खणात तीन-तीन पट्ट्या कोंबलेल्या. मीटरने मोजायच्या कापडाला सुतळीच्या गाठी लावण्यातला प्रकार. ब्लॉक ६५,५३६ वर न्या, खण ०.७ हर्ट्झचा होतो, मग आकड्याला अर्थ येतो.

सप्तकांच्या नावांवरही विश्वास नको. पेटीवरची मधली पांढरी एक एफएल स्टुडिओत 'सी-फाइव्ह' आहे, एबलटनमध्ये 'सी-थ्री', आणि पुस्तकांत 'सी-फोर'. मित्राने "बेस एफ-वनवर ठेव" असं फोनवर सांगितलं तर आधी विचारा, कुठल्या सॉफ्टवेअरचा. हर्ट्झ मात्र सगळीकडे तेच. शिवाय सॅम्पलरला सॅम्पलचा मूळ स्वर कोणता ते सांगावं लागतं. नाही सांगितलं तर तो ठरावीक सी धरून चालतो, आणि मग तुम्ही दाबाल ती प्रत्येक पट्टी त्याच प्रमाणात चुकते. सगळंच सारखं चुकल्यामुळे बेस एकटा ऐकताना छान वाटतो. म्हणून बेस कधी एकटा ऐकून लावू नये.

इथवर सूर जुळवण्याचं झालं. पण सूर जुळला तरी बेस लागतोच असं नाही, आणि खरी मजा पुढे आहे.

मागच्या वर्षी एक गाणं काळी एकात केलं होतं, पुरुषाच्या आवाजासाठी. हेडफोनवर जबरदस्त. मिरवणुकीत मात्र साउंडवाल्याने हात झटकले: "दादा, बेसला दमच नाही. मी फुल दिलंय." त्याचा दोष नव्हता. काळी एकचा खालचा सा ३४.६ हर्ट्झवर येतो. बहुतेक बेसच्या डब्यांचा जोर ४० च्या खाली गळून पडतो. कोन हलतो, हवा हलते, स्वर येत नाही. बरं, एक सप्तक वर घेतला तर ६९.३, तिथे स्वर येतो पण पोटात जाणारी ती गोष्ट जाते. ४१ ते ५५ हा पट्टा बेसचा गावठाण. पांढरी चार (४३.७), काळी तीन (४६.२), पांढरी पाच (४९), काळी चार (५१.९) या पट्ट्यांतल्या गाण्यांना बेस आपोआप बसतो. बायकांचं गाणं बहुधा काळी चाराच्या आसपास असतं, त्यांना हे दान मिळालेलं आहे. पुरुष काळी एक-दोनात गातात आणि साउंडवाल्याला शिव्या देतात.

गायकाची पट्टी बदलायला सांगायची नाही, हे माझं मत. गळा आधी, डबे नंतर. त्याऐवजी काळी एकचा पंचम बघा: तो ५१.९. किकची शेपटी त्या पंचमावर लावली आणि बेस ६९.३ च्या सा वर ठेवला तर किक पोट सांभाळतो, बेस सूर सांभाळतो, आणि सा-प असल्यामुळे भांडण नाही. मी ते गाणं नंतर असंच केलं. पण बेस आणि किकची लांब शेपटी एकाच वेळी वाजू देऊ नका. सा-प वरच्या सप्तकात गोड लागतो, तळाशी तो गढूळच होतो. दोन खालचे स्वर एकमेकांच्या इतके जवळ असतात की कान त्यांना वेगळं करू शकत नाही. बेसमध्ये सा-ग तर विसराच. खाली एका वेळी एकच.

आता गंधाराची गोष्ट. मला स्वतःला सगळ्यात जास्त धक्का हिने दिला.

कुठलाही सा एकटा नसतो. ५१.९ चा सा थोडा खरखरीत केला, म्हणजे सॉ-वेव्ह घेतली किंवा सॅच्युरेशन लावलं, की त्याच्या दुप्पट, तिप्पट, चौपट, पाचपट असे आवाज सोबत येतात. दुप्पट १०३.८, तो सा. तिप्पट १५५.७, तो पंचम. चौपट २०७.६, पुन्हा सा. पाचपट २५९.५, तो शुद्ध गंधार. खर्जाच्या षड्जात गंधार ऐकू येतो असं तंबोऱ्याबद्दल जुने लोक सांगतात ते हेच. आता समजा तुमची चाल भैरवीत आहे, गंधार कोमल. काळी चारात मधला कोमल ग २४६.९ ला येतो. गळा २४६.९ म्हणतोय, खालून तुमचा सॅच्युरेटेड बेस २५९.५ म्हणतोय. तुम्ही पट्टी बरोबर दाबली आहे, बेस शून्य सेंटवर आहे, आणि तरी कोमल गंधारावर आलं की काहीतरी ओरखडल्यासारखं होतं. एका भैरवीच्या तुकड्यावर मी यात अख्खा रविवार घालवला.

मग सॅच्युरेशन लावूच नये का? लावावं लागतं, कारण फोन. फोनच्या स्पीकरमधून ५१.९ बाहेर येतच नाही, १०३ सुद्धा नाही. पण २०७, २५९, ३११ आले तर मेंदू त्यांच्यातलं अंतर बघतो, सगळीकडे तेच ५१.९, आणि जो सा वाजलाच नाही तो ऐकल्याचं आपल्याला सांगतो. मोबाइलवर गाणं ऐकून "काय बेस आहे" म्हणणारा माणूस खरं तर बेस ऐकतच नसतो. म्हणजे वरच्या पटी हव्यात, पण पाचवी नको. मी भैरवीला असं करतो: मूळ बेस स्वच्छ ठेवतो, २०० च्या वर कडक फिल्टरने कापतो, आणि वरचे सा स्वतः पेरतो. १०३.८ आणि २०७.६ या दोन साध्या लहरी, हलक्या हाताने. काही सॅच्युरेटर फक्त तिप्पट-पाचपट अशा विषम पटी काढतात, काही दुप्पट-चौपटही काढतात. कोमल गंधार असेल तर दुसऱ्या जातीचे बरे. स्क्वेअर-वेव्हचा बेस अशा चालींना टाळलेलाच चांगला, तिच्यात विषम पटींशिवाय काही नसतंच. चाल भूप, देस, बिलावल अशा शुद्ध गंधाराची असेल तर मात्र खुशाल खरखरीत करा, गंधार पाहुण्यासारखा येतो आणि बसतो.

मालकंसात पंचम नाही, हे ज्यांना ठाऊक आहे तेसुद्धा बेस लिहिताना सवयीने सा-प-सा लिहून मोकळे होतात. तंबोरा लावणारे मालकंसासाठी पंचमाची तार मध्यमावर आणतात. बेसनेही तेच करावं.

आणि आता बेसने कुठल्या स्वरावर थांबायचं, हा सेंटमध्ये न मावणारा भाग. आमचं रंगपंचमीचं गाणं भूपाच्या अंगाचं होतं: सा रे ग प ध. दुसऱ्या कडव्यात जरा वेगळेपणा यावा म्हणून मी बेस चार आवर्तनं ध वर नेऊन ठेवला. ट्यूनिंग अचूक, स्वर रागातलाच. गायिका कडव्याला अडखळली. म्हणाली, "दादा, मला सा सापडत नाहीये." तिचं बरोबर होतं. सगळ्यात खालचा, सगळ्यात जोरदार आणि सगळ्यात लांब स्वर कान सा धरतो. ध ला सा धरून तेच पाच स्वर मोजले तर सा ग म प नि होतात, ग आणि नि कोमल. तो धानी झाला. एकही स्वर न बदलता मी तिच्या पायाखालचा राग बदलला होता. तसंच बेस ग वर बसवला तर मालकंस, प वर बसवला तर दुर्गा. पेटीवर करून बघा, पाच मिनिटांचं काम आहे. याचा उपयोगही होतो. मुद्दाम करायचं असेल तर बेस हलवण्याइतका स्वस्त आणि परिणामकारक रंगबदल दुसरा नाही, पण मग गाणाऱ्याला आधी सांगा. आमच्या कडव्यात मी ध दोन मात्रांपुरता ठेवला आणि समेला सा वर परत आलो. ती निर्धास्त गायली.

एवढं सगळं करून मिक्स वाजवला तर बेस डोलतोय. सेकंदाला दोनदा, घड्याळासारखा. ५०.४ चा सॅम्पल ५१ सेंट वर ओढून ५१.९ वर आणलेला, दोन सप्तकं वर नेऊन तपासलेला. पुन्हा तपासला. किक बंद केला, डोल तसाच. ढोल बंद केले, तसाच. दोन रात्री गेल्या. शेवटी वैतागून बेससोबत फक्त गाण्याचा ट्रॅक ठेवला तर डोल. गाणं बंद केलं तर डोल नाही. म्हणजे दोष गाण्यात? बाईचा गळा २०० च्या वर, बेस ५२ ला, यांचा संबंध काय!

संबंध महावितरणचा होता. रेकॉर्डिंगच्या वेळी लॅपटॉपचा चार्जर लावलेला होता, खोलीच्या अर्थिंगचं काही खरं नाही, आणि माइकच्या ट्रॅकमध्ये ५० हर्ट्झचा बारीक हम बसला होता. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची. कोपऱ्यावरच्या डीपीजवळ उभे राहिलात तर जी गुणगुण ऐकू येते ती याची दुप्पट, १०० हर्ट्झ, पांढरी पाच आणि काळी चार यांच्या मधे कुठेतरी. माझा बेस ५१.९, हम ५०. सेकंदाला दोन डोल, थोडे कमी. आणि आधी का डोलत नव्हता? कारण आधी तो चुकीचा बेस ५०.४ वर होता, हमपासून अर्ध्या हर्ट्झच्याही आत. बेसूर बेस आणि हम एकमेकांशी सुखाने नांदत होते, मी बेस सुधारला आणि बेबनाव झाला. गाण्याच्या ट्रॅकला १०० च्या खाली कापून टाकलं, डोल गेला. जिथे बाई गातच नाही तिथे माइकचं काय काम? तेव्हापासून गळ्याचा प्रत्येक ट्रॅक आधी खालून कापतो, आणि रेकॉर्डिंगला चार्जर काढून ठेवतो.

ढोलाचं थोडक्यात. नाशिक ढोलाचा पक्का स्वर नसला तरी त्याचं तळाचं कंपन बेसच्या अगदी शेजारी, एका पट्टीवर येऊन बसलं तर सगळं चिखल होतं. सॅम्पल दोन-तीन पायऱ्या वर-खाली करून बघा, एका जागी तो आपोआप मोकळा होतो. कानाने करा, इथे आकडे काही सांगत नाहीत. साइडचेन, म्हणजे किक आला की बेसने क्षणभर खाली वाकायचं, ते तर हल्ली सगळेच लावतात, पण बेसूर बेस वाकला तरी बेसूरच राहतो. आणि एट-ओ-एटची मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, करायची तर तबलजी डग्ग्यावर मनगट सरकवून घुमारा कुठे नेतो ते ऐका. तो रागातल्या स्वरावर नेतो असं नाही, पण घाईने कुठेही सोडूनही देत नाही. आपल्या सॉफ्टवेअरमधली मींड मात्र दोन नोटांच्या मधे जाते, म्हणून शेवटची नोट रागातली आहे ना एवढं बघायचं आणि ती वेळेत पोचतेय ना ते.

रंगपंचमीच्या चार दिवस आधी काकांना मुद्दाम वर बोलावलं, चहा दिला, गाणं पहिल्यापासून लावलं. या वेळी खुर्चीवर बसून, डोळे मिटून ऐकलं त्यांनी. मांडीवर बोटं चालली होती. संपल्यावर म्हणाले, "हां, आता लागला. पण ती पोरगी ग ला येते ना, तिथे तुझं ते मागचं वाद्य चढं आहे."

"काका, तो सिंथ आहे. तो चढूच शकत नाही, मशीन आहे."

"ती बरोबर लावतेय. तुझी पेटीच चढी."

आणि खरंच, कीबोर्डचा शुद्ध गंधार सा पासून ४०० सेंटवर असतो, तंबोऱ्यातून निघणारा ३८६ वर. पोरगी तंबोऱ्याचा लावत होती, बेसच्या पाचव्या पटीतून तोच निघत होता, आणि मागे माझा पॅड, म्हणजे तो सिंथच, एकटाच १४ सेंट वर उभा होता. दोन रीटेक मी हिलाच करायला लावले होते. पॅडचा तेवढा ग १४ सेंट खाली घेतला, पुन्हा वाजवला. काका काही बोलले नाहीत, कप खाली ठेवून म्हणाले, "अजून आहे का चहा?"